लाईट गेली तरी थांबणारी फळी

येरवड्याच्या त्या घरात ग्रंथांची फळी सगळ्यात वर, बुद्धमूर्तीशेजारी. ग्रंथांच्या वर काही ठेवायचं नाही, हा आजोबांच्या दीक्षेपासूनचा नियम. कल्याणीला तो मान्य होता. पोलिओनं तिला लहानपणीच चाकाच्या खुर्चीत बसवलं, तेही तिनं सोसलं. सोसवत नव्हतं एवढंच, की एक पान वाचायचं तर आधी कुणाला तरी हाक मारावी लागे.

म्हणून मोटरवर खाली-वर होणारी फळी तिनंच आखली. धाकटा भाऊ सौरभ जोडणी करणार होता. फळीला खाली-वर सरकवणारा लांब स्क्रू आणायला मात्र तो बुधवार पेठेत एकटाच गेला. "दुकानाला पायऱ्या आहेत गं," म्हणाला. आणि घेऊन आला छर्ऱ्यांवर फिरणारा बॉल स्क्रू. गुळगुळीत, झटपट, अजिबात आवाज नाही.

एका सकाळी ती फळीखाली बसलेली असताना लाईट गेली. मोटर थांबली आणि ग्रंथांच्या वजनानं स्क्रू उलटा फिरू लागला. भरलेली फळी सरसरत येऊन तिच्या गुडघ्यांवर आदळली.

"इन्व्हर्टर बसवू," सौरभ म्हणाला.

"तो बसव तुझ्या डोक्यात. मी दुकानात येतेय."

पायऱ्यांपाशी, भर रस्त्यात, तिनं खुर्ची थांबवली. मागून रिक्षा हॉर्न वाजवत राहिली. दुकानदार बाहेर आले आणि सौरभला विचारते झाले, "काय हवंय ताईंना?"

"ताईंना तोंड आहे. लाईट गेली तरी वजन धरून जागच्या जागी थांबेल, असा स्क्रू हवाय."

ते पुन्हा सौरभकडेच वळले. "मग बारीक आट्यांचा लीड स्क्रू न्या. वजनानं उलटा फिरत नाही. पण सांगा त्यांना, हळू चालतो, घरघरतो."

"हे आधी का नाही बोललात?" कल्याणीनं विचारलं.

"अहो, यांनी नुसता स्मूद मागितला. लाईटचं नावच काढलं नाही."

कल्याणीनं भावाकडे पाहिलं. "मी तुला काय सांगून पाठवलं होतं?"

"मला वाटलं, चांगल्यातला घ्यावा."

"कुणाच्या गुडघ्यांसाठी चांगला?"

नवा स्क्रू बसल्यावर तिनं फळी अर्ध्यात आणून मेन स्विच बंद करायला लावला. फळी तसूभरही हलली नाही. सौरभनं सवयीनं हात वर केला, ग्रंथ काढून द्यायला.

"हात लावू नकोस. स्विच चालू कर."

फळी घरघरत, रेंगाळत उतरली. मग तिनं आपल्या हातानं ग्रंथ काढला, मांडीवर उघडला आणि सौरभकडे पाठ करून वाचू लागली.