वावरातल्या विहिरीचं शून्य

एकोणीसशे सत्तरच्या आसपास मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि आम्हाला टोपॉलॉजी हा विषय होता. आकार ताणला, वाकवला, तरी त्यात जे टिकून राहतं तेवढंच पाहायचं, असा हा अभ्यास. एके दिवशी सरांनी फळ्यावर सिम्प्लेक्सची व्याख्या लिहिली. एक बिंदू हा पहिला सिम्प्लेक्स. दोन बिंदू जोडले की रेषाखंड. एका रेषेत नसलेले तीन बिंदू जोडून आतली जागा भरली की त्रिकोण. चौथा बिंदू त्या प्रतलाबाहेर घेतला की भरीव चतुष्फलक. पुढे असंच वाढत जायचं. शिवाय एक अट होती: असे तुकडे जोडून आकार बांधताना दोन तुकडे एकमेकांना भेटले, तर पुऱ्या बाजूला किंवा कोपऱ्यालाच भेटायला हवेत.

मी उभी राहून विचारलं, "सर, पण याचा अर्थ काय?"

"अर्थ समोर लिहिलाय," सर म्हणाले आणि पुढे गेले.

जरीपटक्याजवळच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरी आले, तेव्हा माझं तोंड उतरलेलं होतं. माझे बाबा जमीन मोजणीच्या खात्यात मोजणीदार होते. सातवी शिकलेले. दोनच वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते.

"काय शिकवून राहिले वं तुले?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. बिंदू, रेषा, त्रिकोण ऐकून त्यांचा चेहरा खुलला. "हे तर आमचंच काम झालं. कसंही वाकडं वावर असो, त्रिकोण पाडल्याबिगर मोजता येत नाही."

"बाबा, आमच्यात मोजतच नाहीत," मी तिरसटपणे म्हटलं. "लांबी कितीही असू द्या, फरक पडत नाही."

ते मग "बरं" म्हणाले आणि अंगणातल्या नळावर पाय धुवायला गेले. तीस वर्षं मोजणीची साखळी ओढलेल्या माणसाला मी काय ऐकवलं, हे मला त्यांची पाठ पाहून कळलं. माफी मागायला मात्र जीभ उचलेना.

त्या रविवारी ते कन्हानला आत्याच्या घरी निघाले होते. आत्याला वावराला तारेचं कुंपण घालायचं होतं, त्याआधी मोजून द्यायचं होतं. न विचारताच मी त्यांच्यासोबत एसटीत बसले.

वावर चौकोनी होतं आणि मधोमध विहीर. बाबांनी चार कोपऱ्यांवर चार झेंड्या रोवल्या, विहिरीभोवती चार, आणि मधल्या पट्ट्याचे त्रिकोण पाडायला घेतले. एक झेंडी धरून मी एका मोजलेल्या बाजूच्या मध्यावर जाऊन उभी राहिले.

"तिथं नको उभी राहू," ते लांबून म्हणाले. "त्या त्रिकोणाची बाजू मधीच तुटते. एक तं कोपऱ्यावर ये, नाही तं पुरी बाजू घे. अर्धी बाजू घेतली का नकाशा जुळत नाही."

मी जागीच थांबले. फळ्यावरची अट ती हीच होती.

"काहून थांबली?"

"काही नाही, बाबा. येते."

घरी आल्यावर त्यांचा कच्चा नकाशा घेऊन मी मोजायला बसले. सरांनी सांगितलं होतं, अखंड तुकडा कसाही कापा, बिंदूंच्या संख्येतून रेषांची संख्या वजा करून त्यात त्रिकोणांची संख्या मिळवली की उत्तर एक येतं. बिंदू आठ, रेषा सोळा, त्रिकोण आठ. उत्तर शून्य. मी तीनदा मोजलं.

"बाबा, तुमच्या नकाशात एखादी रेघ जास्त झाली."

त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक रेघ तपासली. "रेघा बरोबर हायेत. तू ते विहीर धरली का? ते मी वगळली. तिथं जमीन कुठं हाये?"

विहिरीच्या चौकोनात मी एक कर्ण ओढला. आता रेषा सतरा, त्रिकोण दहा. उत्तर एक. कर्ण खोडला की पुन्हा शून्य. अखंड, म्हणजे मधे भोक नसलेला, या शब्दाकडे वर्गात मी लक्षच दिलं नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "वावर रबराचं असलं आणि कोणी कसंही ताणलं, तरी हे शून्य बदलत नाही. लांबी जाते, विहीर जात नाही. परवा मी अर्धवटच बोलले."

त्यांनी नकाशा पुन्हा पाहिला. "म्हंजे न मोजता विहीर सापडते?"

"हो."

"मंग चांगली हाये तुही विद्या," ते म्हणाले आणि आईला चहा ठेवायला सांगितलं.

पुढचा महिनाभर ते पेटीतून जुने कच्चे नकाशे काढून माझ्यासमोर ठेवत. दोन विहिरींच्या वावराचं उत्तर उणे एक आलं, तेव्हा ते आईला सांगायला स्वयंपाकघरात गेले. आई म्हणाली, "आता जेवून घ्या दोघंही."

एकदा त्यांनी विचारलं, "चार बिंदूंच्या पुढं काय?"

"पाचवा. तो या चारांच्या जागेबाहेर ठेवायचा."

"बाहेर कुठं?"

"आपल्याला दिसेल अशी जागा नाही. मानून चालायचं."

त्यावर त्यांनी दोन दिवस विचार केला. मग एका सकाळी दाढी करताना म्हणाले, "तिथं झेंडी धरून उभं कोण राह्यते, ते विचारजो तुह्या सरांले."

मी विचारलं नाही. एम.एस्सी. दुसऱ्या श्रेणीत पास झाले आणि एका कॉलेजात शिकवायला लागले. पहिल्या वर्षी सिम्प्लेक्स आला तेव्हा एका मुलीने अर्थ विचारला. मी खडू ठेवला, सगळ्यांना मैदानात नेलं आणि आठ मुलींना बाबांच्या झेंड्यांसारखे कोपरे करून उभं केलं.