शिट्टी झाली तरी

आमच्या लेकीला तिचा मामा 'फ्यूज' म्हणतो. लहानपणी तिने काहीही उघडलं की घरात अंधार व्हायचा. आता ती मिक्सर, वॉशिंग मशीन दुरुस्त करते. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

फ्लाइंग क्लबच्या सेक्रेटरींनी तिला जुन्या विमानातलं एक बिघडलेलं यंत्र दुरुस्तीला दिलं. ढगात जमीन दिसेनाशी झाली की विमान सरळ आहे की कललेलं, हे त्यातली आडवी पट्टी दाखवते. आत भिंगरी फिरते. पट्टी कित्येक वर्षं वाकडी पडलेली.

"असं एकच उरलंय," ते म्हणाले. "चाललं तर क्लबच्या कपाटातली बाकीची बंद यंत्रंही तुमच्याकडे. जळलं तर..." पुढचं ते बोलले नाहीत, रात्रभर मीच बोलत होते, मनातल्या मनात.

"लाव की प्लगला," मी म्हणाले.

"जळेल, आई. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. याला चारशे लागतात."

"म्हणजे याच्या माहेरच्या सवयी सुटत नाहीत म्हण की."

"कुणासारख्या ते विचारू नकोस," हे पेपरामागून म्हणाले.

तिने वॉशिंग मशीनच्या मोटरला पट्टा लावून विमानाचा जुना जनरेटर जोडला. मोटर खाणार घरची वीज, जनरेटर देणार विमानाची. मी मेन स्विचपाशी. "मी ओरडले तर बंद कर," एवढंच सांगणं.

मोटर फिरली, घरघर चढत गेली आणि एकदम शिट्टी! मी खाडकन मेन पाडला.

"मी कुठे ओरडले?"

"शिट्टी झाली ना!"

"तो कुकर आहे का, आई? चारशेचा आवाज शिट्टीसारखाच येतो. शिट्टी म्हणजे नीट चाललंय!"

इतकी वर्षं शिट्टीला गॅस बंद केलेला हात. दुसऱ्या वेळी मी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. शिट्टी चढली. लेक मीटरवरून नजर हलवेना. वास नाही, धूर नाही. पट्टी थरथरली, हळूहळू उठली आणि आडवी सरळ झाली. लेकीने यंत्र डावीकडे कलवलं, उजवीकडे कलवलं; पट्टी आपली जमिनीला धरून.

"फ्यूज, उडाला नाही गं!" बातमी कळताच मामा फोनवर ओरडला.

कपाटातली यंत्रं आज आली. जेवणाचं टेबल त्यांनीच भरलंय; त्याच्या एका कोपऱ्यावर मी हे लिहितेय. उद्या पुन्हा मेनपाशी माझी ड्यूटी. काळजी काही सुटायची नाही, पण शिट्टी आता ओळखते.