मोठ्या बाईंची शोकसभा लांबली

एकाच शाळेत सगळी नोकरी काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते खडूच्या भुकटीसारखे अंगावर बसत जातात आणि कितीही झटकले तरी थोडे राहतातच. त्यात मुख्याध्यापिका आमच्या मोठ्या बाईंसारखी असेल तर विचारूच नका.

भारंबे बाई त्यांचं नाव. पण पाचोऱ्याजवळच्या आमच्या शाळेत, गावात आणि पुढे जळगावातही त्यांना सगळे मोठ्या बाईच म्हणायचे. उंचीने त्या पाचवीतल्या मुलींच्या बरोबरीच्या होत्या, ही गोष्ट वेगळी. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. नव्वदीला टेकल्या होत्या.

शोकसभा जळगावच्या मेहरूण भागातल्या एका सभागृहात ठेवली होती. तासाभराचा कार्यक्रम. पहिल्या वक्त्याने "बाईंच्या जाण्याने मोठी पोकळी" इतकं म्हटलं आणि मध्येच त्याला एक किस्सा आठवला. त्यावरून दुसऱ्याला दुसरा आठवला. थोड्या वेळाने अख्खं सभागृह हसत होतं. बाईंची मुलगी तोंडाला पदर लावून हसत होती, मध्येच डोळे पुसत होती.

बाहेर पुढच्या बारशाची मंडळी खोळंबलेली. सभागृहाचे व्यवस्थापक दोनदा डोकावून गेले. तिसऱ्यांदा आले ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, शोकसभा संपलीय ना? बारशाची माणसं आधीच आत येऊन बसलेली दिसतात."

त्या दिवशी सभा आवरती घ्यावी लागली. म्हणून हे इथे सांगतो.

*

मी गणिताचा शिक्षक. नोकरी मागायला गेलो तेव्हा बाईंनी माझी प्रमाणपत्रं उघडलीसुद्धा नाहीत.

"महाजन सर, नववीच्या वर्गावर जा आणि पायथागोरस शिकवा," म्हणाल्या. आणि स्वतः शेवटच्या बाकावर दोन मुलींच्या मध्ये जाऊन बसल्या.

मी फळ्यावर व्यवस्थित सिद्धता मांडली. मागून हात वर झाला. बाईंचाच.

"सर, मला नाही समजलं."

मी पुन्हा मांडली. पुन्हा हात वर. पोरं माना वळवून मागे बघायला लागली. तिसऱ्या वेळी मला घाम फुटला. शेवटी खडू ठेवला, एक दोरी मागवली आणि सगळा वर्ग मैदानात नेला. दोरीला सारख्या अंतरावर गाठी मारल्या, तीन, चार आणि पाच भागांचा त्रिकोण जमिनीवर ताणून धरायला लावला. "हा कोपरा बघा. गवंडी घराचा पाया आखताना काटकोन असाच धरतो," असं म्हणालो.

बाईंनी साडीची धूळ झटकली. "उद्यापासून या."

मी विचारलं, "बाई, पण समजलं का?"

"मला कॉलेजात असतानाच समजलंय. तुम्ही कधी चिडता ते बघत होते."

*

एकदा वरच्या कार्यालयातून एक साहेब तपासणीला आले. सहावीच्या वर्गात शिरले, खिडकीबाहेर बोट दाखवून एका पोराला विचारलं, "ते काय आहे?"

पोरगं उभं राहिलं. "निंबनं झाड शे."

"शे नाही. आहे म्हणावं," साहेब म्हणाले. मग बाईंकडे वळून, "मुलांची भाषा अशुद्ध आहे. शेऱ्यात लिहावं लागेल."

बाईंची स्वतःची बोली रावेरकडची, केळीच्या पट्ट्यातली. आमच्या गावची अहिराणी त्या इथे येऊन पोरांकडूनच शिकल्या होत्या. साहेबांना ऑफिसात घेऊन आल्या, पंखा लावला, चहा मागवला. उन्हातून आलेले साहेब खुर्चीत सैल झाले. त्यांनी पहिला घोट घेतला तेव्हा बाईंनी अगदी सहज विचारलं, "साहेब, चहा गोड शे ना?"

"गोड शे माय. गयरा गोड शे," साहेब म्हणून गेले.

बाईंनी शेऱ्याची वही त्यांच्यापुढे सरकवली आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

साहेबांनी बराच विचार करून एकच ओळ लिहिली: "शाळेचं वातावरण घरगुती आहे."

*

सुनंदा नावाची आमची एक मुलगी दहावीत होती. परीक्षा तोंडावर आलेली, आणि घरी तिला बघायला पाहुणे येणार होते. जमलं असतं तर परीक्षेआधीच लग्न उरकणार होते. सुनंदाने वर्गात रडून सांगितलं, तेव्हा बाई छत्री घेऊन तिच्या घरी निघाल्या. सोबत मला नेलं.

पाहुणे बसलेले होते. सुनंदाच्या वडिलांना, म्हणजे नानांना, बाईंना बाहेर घालवणं शक्य नव्हतं. ते स्वतःच बाईंचे विद्यार्थी. बाई सतरंजीवर सुनंदाच्या शेजारी जाऊन बसल्या.

मुलाच्या काकांनी विचारलं, "मुलीला काय काय येतं?"

"इंग्रजी चांगलं आहे," बाईंनीच उत्तर दिलं. "भूमितीत घोटाळा करते. स्वयंपाकाचं मला माहीत नाही, तो विषय आमच्याकडे नाही. मुलाचं काय?"

"दहावीला बसला होता," काका म्हणाले.

"कशात राहिला?"

मुलगा सतरंजीकडे बघत म्हणाला, "गणित. आणि इंग्रजी."

"मग यंदा पुन्हा बस. तिलाही बसायचंय. निकाल लागल्यावर बोलू."

मुलाचे वडील तावातावाने उठले. नानांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता शाळेवर दगड येणार. पण मुलगा काही उठला नाही. "आबा, माले बसनं शे," तो वडिलांना म्हणाला. मला परीक्षेला बसायचंय.

त्याच्या गावाहून सायकल मारत तो रोज माझ्याकडे गणिताला यायचा. दोघं पास झाली. पाहुणे पुन्हा आले, तर बाई म्हणाल्या, "बारावीचं बघू." दोघं बारावी झाली. मग सुनंदाच म्हणाली की आता बी.ए. झाल्याशिवाय नाही. बाईंनी मुलाकडे बघून फक्त खांदे उडवले.

लग्न झालं ते दोघंही पदवीधर होऊन. शोकसभेत हाच जावई बोलायला उभा राहिला. म्हणाला, "लोक लग्नासाठी एकदा घोड्यावर बसतात. मी तीनदा परीक्षेला बसलो."

*

मुलींचा कबड्डीचा संघ घेऊन आम्ही धुळ्याला गेलो होतो. अंतिम सामना, गुण बरोबरीत. आमची मुलगी शेवटची चढाई करून परत आली, पंचांनी गुण दिला, पोरी नाचायला लागल्या. तेवढ्यात बाई खुर्चीवरून उठल्या आणि पंचांना म्हणाल्या, "तिचा पाय बाहेर पडला होता. मी पाहिलाय."

आम्ही हरलो.

खेळाचे शिक्षक बोरसे सर परतीच्या एस.टी.त धुळ्यापासून पारोळ्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पारोळ्याला बाईंनी त्यांच्यासाठी खिडकीतून भजी घेतली. त्यांनी ती खाल्ली, पण बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी तेच मैदान, समोर तोच संघ, आणि पंचही तेच. पुन्हा शेवटच्या चढाईवर वाद. या वेळी पंचांना नीट दिसलं नव्हतं. समोरच्या संघाचे शिक्षक म्हणाले, "त्या बाईंना विचारा. त्या सांगतील ते आम्हाला मान्य."

सगळं मैदान बाईंकडे बघायला लागलं. बोरसे सरांनी डोळे मिटून घेतले.

बाईंनी नाकावरचा चष्मा काढला, पदराने पुसला, उजेडात धरून बघितला, पुन्हा पुसला.

"नेमकी तेव्हा काच पुसत होते हो," त्या म्हणाल्या.

संशयाचा फायदा चढाई करणाऱ्या मुलीला, म्हणजे आमच्या मुलीला मिळाला. येताना बोरसे सर बाईंच्या शेजारच्या सीटवर बसले. त्यांनी खरं काय ते विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही.

*

निवृत्तीचा समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, आम्ही सगळे रडलो. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला बघतो तर बाई नेहमीच्या जागी उभ्या.

"सवय आहे. हळूहळू जाईल," त्या म्हणाल्या.

ती सवय बाई जळगावला मुलीकडे राहायला जाईपर्यंत गेली नाही. रोज यायच्या. नव्या मुख्याध्यापकांच्या कामात लक्ष घालायच्या नाहीत, फक्त कुणी शिक्षक रजेवर असला की त्याचा वर्ग घ्यायच्या. मग तो शिक्षक परत आला की पोरं विचारायची, "सर, बरं वाटतंय ना? अजून आराम करायचा होता."

आमच्या शाळेत किरकोळ रजा शिल्लक राहायला लागल्या त्या तेव्हापासून.

*

जळगावात बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर त्यांचाच विद्यार्थी, नाव किशोर. शहरातला नावाजलेला माणूस, पण बाईंचा डोळा म्हटल्यावर सकाळपासून अस्वस्थ. हे त्यानेच मला सांगितलं.

बाईंना टेबलावर घेतलं. दिवे लागले. डॉक्टर हातमोजे घालून आले, बाकी सगळे तयार. बाई आडव्या पडल्या होत्या.

"किशोर, हात धुतलेस?"

"हो बाई."

"दाखव."

किशोर सांगत होता, "सर, माझं काय झालं मलाच कळलं नाही. मी दोन्ही हात पुढे केले. पुढून दाखवले, मग उलटे करून दाखवले."

बाईंनी मान डोलावली आणि नजर पुढे फिरवली. शेजारच्या नर्सने हात पुढे केले. तिच्यामागच्या वॉर्डबॉयने केले. भूल देणारे डॉक्टर तर नागपूरचे, बाईंना त्या दिवशी पहिल्यांदाच बघत होते. त्यांनीही केले.

*

भिकन नावाचा एक मुलगा आमच्याकडे होता. इतका अडखळायचा की हजेरीला "हजर" म्हणेपर्यंत बाई पुढच्या तीन पोरांची नावं घेऊन परत त्याच्याकडे यायच्या. पोरं हसायची. बाईंनी त्याला कवायतीचे आकडे पुकारायला उभं केलं. तालात बोलताना त्याची जीभ अडकत नसे. वर्षभर सगळी शाळा त्याच्या आवाजावर कवायत करत होती.

हा भिकन पुढे जळगावच्या बाजारात धान्याचा लिलाव पुकारायला लागला. खणखणीत आवाज, कुठे थांबणं नाही. बाई मेहरूणला राहायला आल्या तेव्हा कधीमधी रिक्षा करून बाजारात जायच्या आणि पोत्यांच्या थप्पीआड उभं राहून त्याचं ऐकायच्या.

मी एकदा विचारलं, "लपता कशाला?"

"मला बघितलं की अडखळतो," बाई म्हणाल्या.

एका सोमवारी त्यांचे पाय भरून आले आणि त्या थप्पीआडून बाहेर येऊन एका पोत्यावर बसल्या. समोर एका शेतकऱ्याच्या मक्याचा लिलाव चालला होता. भाव थांबलेला. भिकनने "एक वार" म्हटलं, "दोन वार" म्हटलं, आणि त्याची नजर बाईंवर गेली.

"ती... ती... ती..."

"तीन" काही निघेना. व्यापाऱ्यांना वाटलं, हा मुद्दाम थांबलाय, मागून कुणीतरी जास्त भाव देतंय. एकाने भाव वाढवला. दुसऱ्याने त्याच्यावर चढवला. भिकन लालबुंद होऊन बाईंकडे बघतोय, बाई त्याला हाताने ताल देतायत, आणि भाव चढतोय. "तीन" बाहेर पडलं तेव्हा शेतकरी आ वासून उभा होता.

पुढच्या सोमवारी मी सकाळी बाईंकडे चहाला बसलो होतो. दारात ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. मागे मक्याची पोती, वर गादी घातलेली खुर्ची. एक अनोळखी शेतकरी टोपी काढून आत आला.

"बाई, चला ना बाजारमा. आज आमना मका शे."

बाई उठल्या. काठी घेऊन अंगणात आल्या. मला वाटलं, त्याला आता रागावतील. त्यांनी एक पोतं सोडायला लावलं, आत कोपरापर्यंत हात घातला, दोन दाणे काढून दाताखाली धरले.

"ओला आहे," त्या म्हणाल्या. "नीट वाळव. मग येते."