उजवी पाकळी, डावी पाकळी

देवीचा कौल चुकू शकतो का, अशी शंका मला आयुष्यात एकदाच आली. पंचाईत अशी की ती विचारायची कुणाला, कारण गावाच्या वतीनं देवीला विचारणारा गुरव मीच. जोयडा तालुक्यात, दिग्गीच्या वाटेवर, जंगलात आमचं वीसेक घरांचं गाव. नांगर कधी धरायचा, सोयरीक जमवावी की नाही, हरवलेली म्हैस कुठल्या दिशेला शोधायची, सगळं देवीला विचारून. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न म्हणायचा आणि वाट बघायची. आधी उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नाही. दुसऱ्याच्या घरासाठी डावी पडली की समजूत घालायला माझ्याकडं शब्दांची कधी कमी नसे.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. भात पोटरीला आलं तेव्हा बायकोला ताप भरला. चार दिवसांत खोकला छातीत उतरला, धाप लागली, ओठ काळसर दिसू लागले. जोयड्याच्या दवाखान्यात न्यायचं तर तीन कोस डोली, मग मिळाली तर जीप. चार माणसांसमोर मी कौल लावला, हिला गावाबाहेर न्यावी का? डावी पडली. मी घरी येऊन तिच्या उशाशी बसलो. कौल मोडावा तर उद्या कुठल्या तोंडानं देवीपुढं उभा राहू, आणि पाळावा तर ही हातची जाते. लोकांना सांगायचे ते समजुतीचे शब्द त्या दिवशी मला स्वतःला काही उपयोगी पडले नाहीत.

आमच्या भागाची नर्स होती फिलोमिनाबाई. हल्याळकडची ख्रिश्चन, लग्न केलेलं नाही. गळ्यात काळ्या दोऱ्यात लहानसा क्रूस, पायात प्लास्टिकच्या चपला आणि पिशवीत सुया-औषधांबरोबर जळवांसाठी मिठाची पुडी. आमच्या गावाला तिचा वार शुक्रवार. तो मंगळवार होता. दिग्गीकडं जाणारी जीप आली नाही, मग रिकामं बसण्यापेक्षा चालत इकडं आले, एवढंच ती म्हणाली. मीही कधी खोदून विचारलं नाही.

तिनं हिची छाती तपासली. "आजच सुई पाहिजे," म्हणाली. मी खाली मान घालून कौलाचं सांगितलं. शिकलेली माणसं यावर हसतात किंवा रागावतात. ती दोन्ही करेल, अशी माझी तयारी होती.

"देवीला काय म्हणून विचारलासा?"

"गावाबाहेर न्यावी का म्हणून."

"मग औषध गावात आणावं का, ते विचारलासा?"

"न्हाई."

"मग ते विचारा की. तवर मी सुया उकळत ठेवते. त्याला वेळ लागणारच हाय."

इतकी वर्षं देवीशी बोलणारा मी, पण प्रश्नच अर्धा विचारला होता. माझ्या आईनं बाईंना परक्यांसाठी वेगळं ठेवलेलं पातेलं काढून दिलं. बाईंना ते कळलं असणार. त्यांनी त्यातच सुया उकळत ठेवल्या आणि माझ्यामागून देवळाकडं आल्या. चपला काढून बाहेर फणसाखाली उभ्या राहिल्या, जपमाळ हातात घेऊन. मी पाकळ्या लावल्या. एका बाजूला माझी देवी, पाठीमागं त्यांचा देव, आणि मधे मी. उजवी पडली तेव्हा मागं वळून बघितलं, तर बाई केव्हाच घराकडं निघाल्या होत्या.

पाच दिवस त्या आमच्या पडवीत राहिल्या. चिठ्ठी देऊन जोयड्याच्या डॉक्टरांकडून आणखी औषध मागवलं, हिचं अंग पुसलं, घाण काढली, चमच्यानं पेज भरवली. पाचव्या दिवशी हिनं उठून बसून केस विंचरले, आणि आईनं बाईंना आमच्या घरच्या पेल्यातून चहा दिला. आईच्या मानानं हे फारच झालं. पुढं कधीतरी मी त्यांना विचारलं, तेव्हाही डावी पडली असती तर? "मग तिसरं काहीतरी विचारायला लावलं असतं," म्हणाल्या.

काही वर्षांनी कळलं, बाई पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळल्यात, हल्याळला भावाकडं आहेत. आम्ही दोघं बसनं गेलो. गाव पालथं घालणारी ती बाई कॉटवर मूठभर उरली होती. मी म्हणालो, "बाई, उद्याच देवीला कौल लावतो तुमच्यासाठी."

"नको गुरव," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यासाठी दहांदा विचारावं. माझं र्‍हाऊ दे. उजवी पडली तरी देवाचीच, डावी पडली तरी त्याचीच."

ही त्यांचे पाय चेपत रडत होती. मला रडू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गेलो. सवयीनं पाकळ्या ओल्या केल्या, प्रश्नही ओठांवर आला होता. मग दोन्ही पाकळ्या देवीच्या पायाशी ठेवल्या आणि जन्मात पहिल्यांदा काही न विचारता नमस्कार केला.