ड्रमातला लाल माठ

भाजीची आठवण म्हटल्यावर तुम्ही ताट पुसून बसला असाल. आता आईच्या हातची चव येणार, खमंग फोडणी येणार. काही येणार नाही. यात फक्त मी जळलोय, तेवढाच वास.

नव्वदीतली गोष्ट. डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगमध्ये हसवायचं काम माझं. कोणाचाही आवाज काढायचो, बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मग तळमजल्यावरच्या, माझ्याच वयाच्या पोराला एमआयडीसीत नोकरी लागली, क्रोम प्लेटिंगच्या कारखान्यात. त्याने तिथले रिकामे प्लास्टिकचे ड्रम आणले, मधोमध कापले, माती भरली. वर बांबू, त्यावर प्लास्टिक. बिल्डिंगच्या मागे चक्क ग्रीनहाउस! पावसात बाजारातली पालेभाजी सडकी, आणि ह्याचा लाल माठ आत टवटवीत. माझं मार्केट डाउन.

"बघ जरा त्याच्याकडे," आई म्हणायची. "नाहीतर तू. नुसती तोंडं वेडावतोस."

बोटांना पट्ट्या बांधून तो माठ वाटत फिरायचा. त्या पट्ट्यांचंसुद्धा कौतुक. "किती राबतो बिचारा!" मी पण एक पट्टी बांधून बघितली. आई म्हणाली, "काय, कॅरम खेळताना लागलं?"

त्यात आली ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हाताने पिकवलेलंच चालतं. मग काय, ह्याच्या दारात लाइन. बैलाची चौकशी सगळ्यांनी केली, ड्रमाची कोणीच नाही. पहिली जुडी आमच्याकडे, कारण वहिनीला पाचवा महिना होता.

माझ्या डोक्यात गेलं. काहीतरी खोट असणारच, म्हणून मी त्या प्लास्टिकच्या आत घुसलो. ड्रमच्या कडेला, मातीच्या वर, पिवळाजर्द थर. नखाने खरवडला तरी सुटेना. धावत वर आलो आणि, सवयच ना, त्याच्याच आवाजात सुरू झालो, "काकू, घ्या की! क्रोम मारलेली भाजी. नळाला मारतो ना, तसंच. गंजणार नाही!"

आमच्या दारात जमलेल्या सगळ्या बायका हसल्या. वहिनी पण.

"जळतोस, दुसरं काय," आई म्हणाली.

जळत तर होतोच. पण थर पण खरा होता. दुपारी वहिनीचं ताट वाढलं तेव्हा मला हसू येईना. साध्या आवाजात म्हटलं, "वहिनी, नको खाऊस. ते ड्रम आतून पिवळे आहेत."

माझा साधा आवाज तिने बहुतेक पहिल्यांदाच ऐकला. उचललेला घास खाली ठेवला. ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिने त्याला वर बोलावलं.

"ड्रममध्ये आधी काय होतं रे?"

"क्रोमचं अ‍ॅसिड. पण चांगले धुतलेत, वहिनी."

"आणि हाताला काय झालंय?"

"त्याचेच फोड. साहेब सांगतात, हात धुतल्याशिवाय डब्याला..." बोलता बोलता त्याची नजर ताटातल्या माठावर गेली.

"अगं, पण भाजी चांगली उकळलीय," आई म्हणाली.

"जंतू असते तर मेले असते, आई. धातू कसा मरेल? मातीतून पानात, पानातून पोटात. आणि माझ्या पोटात मी एकटी नाहीये."

पातेलं तसंच बाहेर गेलं. तो रडवेला होऊन खाली गेला आणि स्वतःच माठ उपटायला लागला. तर गॅलरीतून बायकांनी काय म्हणावं? "बिचारा! किती मनाला लावून घेतलं!" म्हणजे खोट मी शोधली, आणि कौतुक परत त्याचंच!

मी छाती काढून आईकडे वळलो. म्हटलं, निदान घरात तरी.

"तुला सकाळपासून माहीत होतं?"

"मग? सांगितलं की!"

"सांगितलंस? नकला केल्यास मेल्या! घरात पोटुशी बाई, आणि हा आवाज काढतोय! नीट माणसासारखं बोलायला काय धाड भरलेली? तिने तो घास गिळला असता म्हणजे? दात काय काढतोस? खाली जा आधी, त्याला हात लाव. हाताला पिशवी बांध. आणि खबरदार, तिथे जाऊन त्याचा आवाज काढलास तर!"