तहान नसलेला साथी

संशय घेण्यात माझा हात कुणी धरला नसता. आई म्हणायची, "ह्या पोरीला पाहुण्याच्या आधी त्याच्या चपला दिसतात." चेष्टेनं म्हणायची, पण त्यात खोटं काही नव्हतं. आम्ही उमरीला राहत होतो तेव्हा वडिलांच्या कचेरीतली माणसं कधीमधी घरी यायची. कुणी चपला काढून आत येई, कुणी चपला न काढताच उंबऱ्यापाशी उभं राही. आई राखेनं लख्ख घासलेला ग्लास भरून आणायची आणि ती माणसं म्हणायची, "आत्ताच चहा झाला." "आज उपास आहे." "डॉक्टरांनी बाहेरचं पाणी बंद केलंय." "तहान नाही हो वहिनी." आम्ही बौद्ध. असली वाक्यं मला पाढ्यांसारखी पाठ होती. ग्लास तसाच झाकून ठेवला जायचा आणि संध्याकाळी आई तो तुळशीला न ओतता स्वतः प्यायची, कारण आमच्याकडे तुळस नव्हती.

वडिलांची लातूरला बदली झाली तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेरीत खुर्च्यांच्या पायांना गुंडाळलेली सुतळी अजून सुटली नव्हती. त्यात पावसानं लागोपाठ तोंड फिरवलेलं. खेड्यातली माणसं टँकरचा अर्ज घेऊन हिंडायची. जुना जिल्हा म्हणे, कागद नव्याकडे गेला. नवा म्हणे, आमच्याकडे आलाच नाही. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या मानवी हक्क गटात जायला लागले होते.

गटाचं नाव लांबलचक होतं, म्हणून गावात आम्हाला नुसतं 'हक्कवाले' म्हणत. आम्ही आठजण, त्यात मुली दोन. बुधवारी बैठक. बाजारामागे एका वकिलांनी आम्हाला खोली दिली होती, तिथे सतरंजीवर बसून राज्यघटनेतलं एकेक कलम मोठ्यानं वाचायचं आणि त्यावर वाद घालायचा. शनिवारी आडत बाजारातून फेरी. चौघांनी चादरीचे चार कोपरे धरायचे आणि दुकानादुकानापुढे थांबायचं. डाळमिलवाले डाळीची चुरी टाकत, घरोघरच्या बायका जुने कपडे टाकत. एका दुकानदारानं लग्नातला कोट टाकला आणि विचारलं, "जातं कुठं हे समदं? का तुम्हीच घालता?" मला राग आला नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं.

रविवारी गाव. लातूरहून एसटीनं तासाभराच्या अंतरावर एक गाव गटानं धरलं होतं. तिथल्या बौद्ध वस्तीत बसायचं, कपडे-धान्य वाटायचं, टँकरचे आणि रोजगार हमीच्या कामाचे अर्ज लिहून द्यायचे. आणि एक नियम होता. अध्यक्षांनी तो पुठ्ठ्यावर लिहून खोलीच्या भिंतीला लावला होता: वस्तीत गेल्यावर पहिल्यांदा पाणी मागायचं आणि सगळ्यांनी प्यायचं. अध्यक्ष कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होते आणि बोलायचे भाषणासारखं. पण हा नियम मला मनापासून आवडला होता. पहिल्या रविवारी सगळ्यांना घटाघटा पाणी पिताना पाहून माझे डोळे भरून आले. मला आईचा तो झाकलेला ग्लास आठवला.

गटात कुणी आडनाव लावत नसे. सगळे एकमेकांना 'साथी' म्हणत. आडनाव काढलं की जात जाते, असं अध्यक्षांना वाटायचं. मला वाटायचं, आडनाव काढलं की अंदाज बांधायला जरा जास्त मेहनत लागते, एवढंच. मी सगळ्यांचे अंदाज बांधून ठेवले होते. फक्त एकाचा लागत नव्हता. तो किनवटकडचा होता. वसतिगृह परवडत नव्हतं म्हणून गटाच्या खोलीतच राहायचा. बदल्यात खोली झाडायची, बैठकीला सतरंजी घालायची. बोलणं कमी. शर्टाची कॉलर नेहमी काळी. पाच-पाच दिवस तोच शर्ट. मी मनाशी म्हणायचे, हक्कांवर बोलतो, साबणावर विश्वास नाही.

तो पाणी पीत नाही, हे दुसऱ्याच रविवारी माझ्या लक्षात आलं. आम्ही नेहमी एका मावशींच्या दारात बसायचो, कारण तिथे लिंबाची सावली होती. मावशी चाळिशीच्या. आठवडाभर खडी फोडायच्या आणि रविवारी बाजारामुळे काम बंद, म्हणून घरी असायच्या. त्यांनी थाळीत ग्लास मांडून आणले. सात हात पुढे झाले. किनवटवाला म्हणाला, "तहान नाही."

मनात पाल चुकचुकली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही. उन्हाळा असा की एसटीच्या खिडकीचा गज धरवत नव्हता, आणि ह्याला तहान नाही.

मग मी पाळत ठेवली. त्याच्याजवळ कापडी पिशवीत नेहमी एक निळा कॅन असे, तेलाचा, पाच लिटरचा. गाडीत तो दोन पायांत घट्ट धरून बसायचा. एकदा गाडीनं गचका खाल्ला आणि आत डचमळलं. पाणी. गावात उतरलं की तो "आलोच" म्हणून आमच्या आधी पुढे सटकायचा, आणि परतीच्या गाडीत कॅन रिकामा असायचा. मला आणखी पुरावा नको होता. हा माणूस आमच्या वस्तीत येतो, आमचेच अर्ज लिहितो आणि स्वतःचं पाणी घरून बांधून आणतो. पाच लिटर पाणी एकटा माणूस एका दुपारी कसा संपवेल, हा साधा प्रश्न मला पडला नाही. संशयी माणूस प्रश्न विचारतच नाही, त्याची उत्तरं आधीच तयार असतात. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं म्हणतात. मी तर ताकाचं भांडंच भिरकावायला निघाले होते.

बुधवारच्या बैठकीत मी उठून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मला बरं वाटत होतं. उमरीच्या उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या सगळ्यांना मी एकदमच जाब विचारत होते.

अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिलं. "साथी, कॅनमध्ये काय असतं?"

"पाणी."

"कुणासाठी?"

त्यानं सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली.

"मावशींच्या घरचं पाणी तुम्ही का पीत नाही?"

"तहान नसते," तो म्हणाला.

कुणीतरी खुसकन हसलं. अध्यक्षांनी त्याला आणखी दोनदा विचारलं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, काहीतरी सांगावं की नाही असं ठरवत असल्यासारखं. मग त्यानं मान खाली घातली. हात वर करून मत घेतलं गेलं. माझा हात पहिला होता. गटातून गेला म्हणजे खोलीतूनही गेला, हे सगळ्यांना माहीत होतं आणि परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. एवढ्यात दुसरी जागा त्याला मिळणार नव्हती. त्यानं किल्ली खिळ्याला अडकवली, पत्र्याची ट्रंक उचलली आणि नांदेडच्या गाडीसाठी स्टँडकडे गेला. कॅन कोपऱ्यातच राहिला.

त्या रविवारी आम्ही सातजण गेलो. लिंबाखाली बसलो, पाणी मागितलं. मावशी आत गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. मदत करावी म्हणून मी आत गेले. रांजण भिंतीला तिरका टेकवलेला. मावशी खांद्यापर्यंत हात आत घालून वाटीनं तळ खरवडत होत्या आणि गढूळ पाणी पदरातून ग्लासात गाळत होत्या. सहा ग्लास भरले होते. सातव्यात दोन बोटं पाणी होतं.

मला पाहून त्या दचकल्या. मग म्हणाल्या, "त्यो डब्यावालं पोरगं न्हाई आलं व्हय?"

"नाही. का?"

"त्याच्यावरच निभत व्हतं, माय." त्या पुन्हा वाकल्या. "पयल्याच आइतवारी त्यानं आत येऊन पाह्यलं, आता तू पाह्यलं तसं. म्हनला, मावशी, मी सांगतो ह्यांना, पानी मागू नका म्हनून. मी त्याला शपथ घातली. म्हनलं, बाबा, सांगशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील."

"पण का मावशी? तुम्हालाच प्यायला नाही."

"या गल्लीत येऊन पानी मागनारं आजवर कोन व्हतं, सांग. तुमी शिकलेली लेकरं येता, मावशी पानी द्या म्हनता. न्हाई कसं म्हनू? घरात न्हाई म्हनलं तरी माझा जीव जातोय." त्यांनी सातवा ग्लास थाळीत ठेवला. "मग त्यो दर आइतवारी डबा आनून रांजनात ओतायचा. सोता एक घोट घेत न्हवता. तुमी समदे त्याचंच पानी पीत व्हते की."

लातुरात तेव्हा नळ दोन दिवसांआड यायचा. गटाच्या खोलीला वकिलांच्या घरून दोन बादल्या मिळत. प्यायला, आंघोळीला, कपड्याला मिळून दोन बादल्या. मला ती काळी कॉलर आठवली आणि साबणाचा माझा विनोद आठवला. तिथेच जमिनीत गडप व्हावं असं वाटलं.

"तुला बी माझी शपथ हाय," मावशी म्हणाल्या. "भायेर बोलायचं न्हाई."

थाळी मीच बाहेर नेली. सगळे प्याले. अध्यक्ष म्हणाले, "मावशी, तुमच्या रांजणाची चव काही वेगळीच." मावशी दारात उभ्या होत्या. दोन बोटं पाण्याचा ग्लास माझ्या हातात राहिला होता. तहान नाही, हे शब्द अगदी ओठावर आले. पण मावशी माझ्याकडे बघत होत्या, आणि ग्लास परत गेला की घरातल्या बाईला काय वाटतं ते माझ्याइतकं तिथे कुणाला माहीत होतं? मी प्याले. आजवर मी प्यालेल्या पाण्यात ते सगळ्यात जड होतं.

बुधवारी मी बैठकीत एवढंच सुचवलं की कपड्यांबरोबर आपण गावाला पाणीही न्यावं. अध्यक्षांनी मला समजावलं. पाणी पुरवणं हे शासनाचं कर्तव्य आहे, आपण पुरवलं तर लोकांची हक्काची मागणी ढिली पडते. लग्नातला कोट वाटल्यानं कुठली मागणी ढिली पडत नव्हती, हे त्यांनी सांगितलं नाही. मी पुढे बोलले नाही. शपथ होती. तीच शपथ पाळण्यासाठी त्यानं खोली सोडली होती. मला मात्र तिची चांगलीच सोय झाली, कारण माझं चुकलं हे चारचौघांत सांगावं लागलं नाही. इतरांवर आयुष्यभर संशय घेतला, पण त्या बुधवारच्या माझ्या गप्प बसण्यावर घेतला तेवढा कुणावरच नाही.

कॉलेजातून पत्ता काढून मी त्याला कार्ड टाकलं. माफी मागितली, परीक्षेला या, आमच्याकडे राहा, वडिलांना विचारलंय, असं लिहिलं. त्याची बाकाची जागा रिकामीच राहिली. उत्तर आलं ते परीक्षा संपत आल्यावर. दोन ओळी होत्या: "इकडे आश्रमशाळेवर काम मिळालं आहे. मी अभ्यासासाठी गावी गेलो असं मावशींना सांगा, नाहीतर त्या स्वतःला बोल लावतील."

कार्ड टाकलं त्याच्या दुसऱ्या रविवारी मी खोलीच्या कोपऱ्यातला निळा कॅन घरी नेऊन भरला होता. आईनं विचारलं, तिला मात्र मी सगळं सांगितलं. तिनं तिच्या हंड्यातलं पाणी ओतून कॅन गळ्यापर्यंत भरला.

गाडीत मी तो दोन पायांत धरून बसले. गचका बसला, आत डचमळलं, आणि समोर बसलेल्या अध्यक्षांनी खाली पाहिलं.

"साथी, काय आहे यात?"

"पाणी."

"कुणासाठी?"

सहाही जण बघत होते. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तोच कॅन, तोच प्रश्न. आता ह्यांना कळेल, असं मला वाटलं. निदान एकाला तरी काही खटकेल. मी म्हणाले, "माझ्यासाठी. मला बाहेरचं पाणी चालत नाही."

मी वाट पाहिली. कुणी हसलं नाही. कुणी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"डॉक्टरांनी सांगितलं असेल," अध्यक्ष मायेनं म्हणाले. "उन्हाळ्यात जपायलाच हवं." त्यांनी पिशवी सरकवून माझ्या कॅनला नीट जागा करून दिली आणि गाव येईपर्यंत ते टँकरच्या अर्जाबद्दल बोलत राहिले.