काकांची पोर्तुगीज जनेल

“नवीन तो इलो आसा, मी नाय. शिकूचा तर त्येना शिकांदे!”

दगडी गडग्यापलीकडून हे ऐकू आलं तेव्हा मला वाटलं, शेजारच्या काकांनी नवा बैल घेतला. घेतला नव्हता. जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिनक्स घातलं होतं आणि पुण्याचा मुलगा फोनवरून त्यांना कुडाळचा क्लास लावायला सांगत होता.

शिकवून कुणाला काही येतं, यावर इतका ठाम अविश्वास असलेला माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात दुसरा नसेल. काका बोटीचं इंजिन खोलून शिकले, पेटी भजनात मागे बसून शिकले आणि स्कूटर आमच्या गडग्यावर शिकले. गडग्याचा तो भाग अजून पडलेला आहे. त्यांच्याकडे मी जाते ती तिथूनच.

“पेवाक शिकाक कोण क्लासाक गेलेलो गो?” पोहण्याचा दाखला देत ते मला विचारतात. कुडाळच्या त्याच क्लासला मी जाते, म्हणून हा प्रश्न मला. तिथे सर शेवटी “एनी डाउट्स?” म्हणतात आणि मी माझ्या शंका जशाच्या तशा एसटीने घरी आणते. काका बांगडे घेता घेता मासेवालीलासुद्धा विचारतात, फाइल सेव्ह केली की खंय जाता. ती सांगतेही.

लिनक्स घालताना पडद्याने भाषा विचारली. यादीत मालवणी नव्हती. काकांनी पोर्तुगीज निवडली. “पाव त्येंचो, बटाटो त्येंचो, साबू त्येंचो. अर्धी भास आपलीच मा?” पुढचे काही आठवडे सगळा कारभार पोर्तुगीजमध्ये चालला. एकदा तर भर दुपारी त्यांनी मला हाक मारून बोलावलं. मेनूत बोट ठेवून म्हणाले, “जनेल गावली गो!” janela असं खरंच लिहिलेलं होतं, आणि मालवणीतही खिडकीला जनेलच म्हणतात. त्या एका खिडकीच्या जोरावर उरलेलं घर आपलंच आहे, असं ते मानून चालले होते.

काकांची आणखी एक पद्धत म्हणजे कोणतंही मोठं बटण दाबण्याआधी कॉम्प्युटरसमोर देवाला गाऱ्हाणं घालायचं, काम नीट होऊ दे म्हणून. गाऱ्हाण्याला दुसऱ्या कुणीतरी होकार द्यायचा असतो. पूर्वी स्वयंपाकघरातून, नारळ खवता खवता, काकी “व्हय महाराजा” म्हणायची आणि मगच काका बटण दाबायचे. काकी गेल्या वर्षी गेली. काका गाऱ्हाणं घालतात, थोडं थांबतात आणि मग एकटेच दाबतात.

शेवटी मुलाने निर्वाणीचं सांगितलं. “बाबा, रविवारपर्यंत हे सरळ झालं नाही तर कॉम्प्युटर भंगारात आणि तुम्ही पुण्यात.”

रविवारी सकाळी काका सगळं पुसून पहिल्यापासून घालायला बसले. काकीचे सगळे फोटो त्याच कॉम्प्युटरवर होते; पहिल्या वेळी काकांनी जुनं काही पुसलं नव्हतं. मी पडलेल्या गडग्यावरून गेले आणि टेबलावर माझा पेनड्राइव्ह ठेवला.

“क्लासाचो?”

मी मान डोलावली. काकांनी पेनड्राइव्ह उलटसुलट करून पाहिला आणि फोटो त्यात उतरवले. ते नीट उतरलेत, हे उघडून दोनदा पाहिलं. यावेळी भाषा इंग्रजी निवडली. पडद्याने विचारलं, सगळं पुसायचं ना?

काका उठून उभे राहिले, हात जोडले. “बा देवा महाराजा, आज ह्या तुझा लेकरू नव्यान मांडावळ मांडता हा. काय चुकला-माकला आसात तर पदरात घे. हिचे फोटो जाग्यार रवांदेत, नि माका ह्या घरात रवांदे, रे महाराजा!”

ते थांबले. नेहमीपेक्षा जास्त थांबले. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. बोट बटणावर होतं, पण खाली जाईना.

क्लासमध्ये मी इतके महिने तोंड उघडलं नव्हतं. आता घसा खाकरला आणि म्हणाले,

“व्हय महाराजा!”